नव्या वर्डप्रेस साइटसाठी मजकुराच्या कामाचं अंदाजपत्रक कसं मांडावं? (१४०० पानं, ६२० पीडीएफ)

शाईपेन (प्रश्न)

नमस्कार. एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाची साइट जुन्या, हाताने लिहिलेल्या पीएचपीवरून वर्डप्रेसवर न्यायची आहे. संस्थेच्या पुढच्या बैठकीत खर्चाला मंजुरी घ्यायची आहे. आलेल्या कोटेशनमध्ये डिझाइन, थीम, होस्टिंग, प्रशिक्षण या सगळ्यांच्या वेगळ्या ओळी आहेत. मजकुराबद्दल मात्र एकच ओळ आहे: "५० पानांपर्यंत मजकूर चढवणे समाविष्ट, पुढे प्रति पान १५० रुपये."

साइटवर साधारण १४०० पत्ते (यूआरएल) आणि ६२० पीडीएफ आहेत. २०१० च्या आधीची बरीच पानं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. आठ विभाग आहेत आणि प्रत्येकाची आपापली पानं आहेत.

सरळ गुणाकार केला तर १३५० × १५० = २,०२,५०० होतात. बैठकीत हाच आकडा ठेवावा का? यात आणखी काय काय धरायला हवं? कोणतं काम संस्थेने स्वतः करावं आणि कोणतं बाहेर द्यावं?

---

पानोपानी

हा आकडा ठेवू नका. तो एका बाजूने फार जास्त आहे आणि दुसऱ्या बाजूने फार कमी. जास्त अशासाठी की १४०० पैकी शेकडो पानं नव्या साइटवर न्यायचीच नसतात. कमी अशासाठी की १५० रुपयांत "जुन्या पानावरून उचललं, नव्या पानावर चिकटवलं" एवढंच होतं. मजकूर दुरुस्त करणं, तक्ते पुन्हा बांधणं, चित्रांना पर्यायी मजकूर देणं, दुवे तपासणं यातलं काहीही त्यात येत नाही. कोटेशन देणाऱ्याला विचारून बघा, तो हेच सांगेल.

पानं मोजून नाही, कामाच्या प्रकारावरून तास काढा. त्यासाठी आधी यादी हवी. एका एक्सेलमध्ये सगळे पत्ते उतरवा. त्यासाठी स्क्रीमिंग फ्रॉग हा क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून फिरत पत्ते गोळा करणारा प्रोग्राम आहे. त्याची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते, म्हणून एकेका फोल्डरवर चालवा किंवा परवाना घ्या. पण तेवढ्यावर विसंबू नका. ज्या पानाला कुठूनही दुवा नाही ते पान क्रॉलरला दिसतच नाही. सर्व्हरवरच्या फाइलींची यादी आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधली पानं त्यात मिळवा आणि एकच यादी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतचे आकडे देतं, पण एका वेळी १००० च ओळी उतरवू देतं, म्हणून तिथेही फोल्डरनुसार गाळणी लावून उतरवा.

मग प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक शेरा मारा: सोडायचं, स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने आपोआप) न्यायचं, हाताने न्यायचं, नव्याने लिहायचं. २०१४ ची परीक्षेची तारीख, संपलेली निविदा, "नवीन" असं लुकलुकणारं चिन्ह असलेली नऊ वर्षांपूर्वीची सूचना हे सगळं सोडायचं. बातम्या आणि कार्यक्रमांचे वृत्तांत एकाच साच्यातले असतात, ते स्क्रिप्टने जातात. शुल्काचे तक्ते, अभ्यासक्रम, छायाचित्रांची दालनं हाताने. विभागांची मुखपृष्ठं, प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्ती, "आमच्याविषयी" ही पानं जशीच्या तशी न्यायला गेलात तर नव्या साच्यात ती जुनीच दिसतील. ती नव्याने लिहा.

तुमच्या आकाराच्या साइटसाठी मांडणी साधारण अशी होईल (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला):

यादी आणि शेरे: १४०० × ३ मिनिटं = ७० तास
सोडायची ५०० पानं: ०
स्क्रिप्टने ६०० × ६ मिनिटं (फक्त तपासणी) = ६० तास
हाताने २२० × ४० मिनिटं = १४७ तास
नव्याने ८० × ५ तास = ४०० तास
पीडीएफ, ६२० पैकी ठेवायच्या ३७० × ८ मिनिटं = ४९ तास
जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता = २५ तास

एकूण ७५१ तास. आता यातला सगळ्यात मोठा आकडा बघा. अवघी ८० पानं निम्म्याहून जास्त वेळ खातात. "एका पानाला ५ तास?" असं बैठकीत कुणीतरी विचारणारच, तेव्हा हिशेब हातात ठेवा: विभागाकडून माहिती गोळा करणं ४५ मिनिटं, पहिला मसुदा दीड तास, विभागप्रमुखांचं वाचन आणि बदल १ तास, मुद्रितशोधन अर्धा तास, साइटवर चढवणं, शीर्षकं, चित्रं, दुवे ४५ मिनिटं, मोबाइलवर तपासून शेवटची दुरुस्ती अर्धा तास. झाले ३०० मिनिटं.

यातलं काय संस्थेचं? शेरे मारणं (७० तास) बाहेरच्याला जमणार नाही. कुठलं पान अजून लागतं हे त्याला ठाऊक नसतं. माहिती देणं आणि मसुदा वाचणं हेही संस्थेचंच, म्हणजे ८० पानांचे १४० तास. एकूण २१० तास संस्थेचे, ५४१ बाहेरचे. बाहेरच्या तासांवर २० टक्के राखीव धरली की ६५० च्या आसपास जातं. ताशी ३५० धरले तर २,२७,५००. पुरवठादार नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४०,९५० आणखी. शिक्षण संस्थेला या कराची वजावट सहसा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरा. कोटेशनमधल्या १५० रुपयांत कर आहे की नाही हेही विचारा.

संस्थेच्या २१० तासांना रोख पैसे लागत नाहीत म्हणून ती ओळ गाळू नका. ती अंदाजपत्रकात लेखी नसेल तर ते तास कुणाच्याच वेळापत्रकात येत नाहीत.

---

वेलांटी

श्रीलिपीच्या पानांना वेगळी ओळ लागेल. वरच्या ६ किंवा ४० मिनिटांत ती बसणार नाहीत.

अशा पानाच्या आत प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. रूपांतरक ती युनिकोडमध्ये आणतो, पण चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. साध्या अक्षराला रूपांतरक ती बरोबर हलवतो, पण "स्थिती", "व्यक्तिगत" अशा शब्दांतल्या जोडाक्षरात ती मधेच अडकू शकते. रफाराचं उलट. जुन्या फॉन्टमध्ये तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. म्हणून "कार्यालय", "मार्गदर्शन", "वर्ग" हे शब्द आधी तपासा. तिसरी चूक जास्त त्रासाची: त्याच परिच्छेदातला इंग्रजी मजकूर, ईमेल, दूरध्वनी क्रमांकही रूपांतरकातून जातात आणि त्यांची देवनागरी अक्षरं होतात. ते परत ओळखता येत नाहीत. मूळ पान शेजारी उघडून हाताने टाइप करावे लागतात.

चांगला रूपांतरक असला तरी प्रत्येक पान माणसाने मूळ पानाशी ताडून वाचायला हवं. ४०० शब्दांच्या पानाला २० ते २५ मिनिटं धरा. नावांची आणि गुणांची यादी असेल तर दुप्पट, कारण आडनाव चुकलं तर ते वाक्याच्या ओघात कळत नाही.

आणखी एक गोष्ट, युनिकोडमध्ये असलेल्या पानांसाठीही. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असतो: कुठे ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एकाने शोधलेला दुसऱ्यात सापडेलच असं नाही. तसंच "ॲडमिशन". कुणी ऍ वापरतं, कुणी ॲ, कुणी अ वर चंद्र देतं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे आधीच्या पानांत ते असणारच नाही. मजकूर नव्या साइटवर चढवण्याआधी एकच रूप ठरवून सगळीकडे शोधा-बदला करून घ्या. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण स्क्रिप्ट चालण्याआधीचं. नंतर करायचं तर सरळ डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो.

---

शाईपेन

दोघांचेही आभार. "सोडायचं" या शेऱ्याबद्दल शंका आहे. नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) दिलेले अनेक दुवे याच जुन्या पानांना आणि पीडीएफना आहेत. ते सोडले तर?

---

दुवा_तपासनीस

ते सोडायचे नाहीत, आणि त्यांचे पत्ते कुठे वळतील हे आजच ठरवून ठेवा. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात आणि वार्षिक गुणवत्ता अहवालात दिलेला दुवा तपासणाऱ्याने दाबला की कागद उघडलाच पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रसिद्ध केलेली माहितीही तशीच. म्हणून यादीत पाचवा शेरा ठेवा: "जसंच्या तसं". ही पानं आणि फाइली जिथे आहेत त्याच पत्त्यावर राहतील. सर्व्हरवर जुनं पीडीएफ फोल्डर त्याच नावाने ठेवलं तर वर्डप्रेस त्याच्या आड येत नाही. उलट त्या फाइली मीडिया लायब्ररीतून नव्याने चढवल्या तर त्या वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये जातात आणि पत्ता बदलतो. म्हणजे नॅकच्या पीडीएफ नव्याने चढवायच्याच नाहीत, पैसेही वाचतात. वरच्या ३७० मधून त्या वजा करा.

बाकीच्या बदललेल्या प्रत्येक पत्त्याला ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) लावा, आणि ते किमान वर्षभर काढू नका. गूगलचाही हाच सल्ला आहे. सोडलेली सगळी पानं मुख्यपानाकडे वळवू नका. जुन्या शिष्यवृत्तीच्या पानावर येणाऱ्याला मुख्यपान दिसलं तर तो परत जातो, आणि गूगलही अशा वळवण्याला "पान सापडत नाही" असंच धरू शकतं. जवळचं पान असेल तर तिकडे वळवा, नसेल तर पान नाही असं स्पष्ट सांगणारा प्रतिसाद द्या.

आता मराठी पत्त्यांचा मुद्दा. तो अंदाजपत्रकात आधी न धरल्यास मागाहून हमखास खर्च वाढवतो. वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि तो २०० अक्षरांच्या रकान्यात साठवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरांचं होतं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे २२ चिन्हांत पत्ता संपतो. "महाविद्यालयाच्या" या एका शब्दात १६ चिन्हं आहेत, म्हणजे १४४ अक्षरं. त्यापुढे जोडरेघेचं १. मग "वार्षिक" सुरू होतं आणि "वार्षि" वर एकूण १९९ होतात. "क" मावत नाही.

म्हणून "महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची छायाचित्रे" आणि "महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाचे प्रकाशन" या दोन्ही पानांचा पत्ता "महाविद्यालयाच्या-वार्षि" इथेच तुटतो. दुसऱ्याच्या मागे आपोआप २ लागतो, तिसऱ्याच्या ३. स्क्रिप्टने ६०० पानं नेताना हे शांतपणे घडतं, कुठलीही चूक दाखवली जात नाही. पुढच्या वेळी पानं वेगळ्या क्रमाने नेली तर २ आणि ३ ची अदलाबदल होते आणि पत्त्यांचा सगळा तक्ता चुकतो.

उपाय सोपा आहे: यादीच्या एक्सेलमध्येच "नवा पत्ता" असा रकाना ठेवा आणि तो रोमन लिपीत, छोटा, हाताने भरा. पानाला अर्धं मिनिट लागतं. ९०० पानांचे साडेसात तास होतात, २५ तासांत ते बसतात. स्क्रिप्टला शीर्षकावरून पत्ता बनवू देऊ नका, या रकान्यातून घ्यायला सांगा.

---

ठोकळा

स्क्रिप्टच्या ६ मिनिटांबद्दल एक इशारा. वर्डप्रेसचा संपादक पान ठोकळ्यांनी (ब्लॉक) बांधतो, परिच्छेद, चित्र, तक्ता प्रत्येकाचा वेगळा. जुनं एचटीएमएल वर्डप्रेसमध्ये आणलं की पूर्ण पान एका "क्लासिक" ठोकळ्यात येतं. बाहेरून पान नीट दिसतं, पण पुढे कुणी संपादन करायला गेलं की सगळा मजकूर एकच गठ्ठा. ठोकळ्यांत रूपांतर करण्याचं बटण आहे, पण ते पानागणिक दाबावं लागतं, आणि वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात स्टाइलचे टॅग भरलेले असले की तक्ते आणि याद्या विस्कटतात. म्हणून बातम्यांसारखी पुन्हा कधी न बदलणारी पानं तशीच राहू द्या, ६ मिनिटं पुरतील. जी पानं दरवर्षी बदलतात ती स्क्रिप्टमधून काढून "हाताने" च्या यादीत टाका.

प्राध्यापकांची पानं तर पानं म्हणून नेऊच नका. नाव, पद, पात्रता, विषय, छायाचित्राच्या फाइलचं नाव असे रकाने असलेली एक्सेल करा आणि डब्ल्यूपी ऑल इम्पोर्टसारख्या प्लगिनने एकदम आत घ्या. विकसकाला त्यासाठी वेगळा पोस्ट प्रकार (अशा नोंदींसाठी वर्डप्रेसमध्ये स्वतंत्र विभाग) करावा लागेल, ते कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या. पुढे कुणी निवृत्त झालं की एका नोंदीत बदल केला की विभागाच्या पानावर, यादीत, सगळीकडे बदलतो.

---

सही_शिक्का

पैशांपेक्षा दिवस चुकतात, म्हणून तारखांबद्दल लिहितो.

८० पानं, ८ विभाग, म्हणजे प्रत्येक प्रमुखाकडे १० पानं. प्रत्येक पान दोनदा वाचायचं म्हटलं तर २० वाचनं. तास घेणारा, परीक्षेचं काम असणारा प्राध्यापक आठवड्याला ४ पेक्षा जास्त पानं लक्ष देऊन वाचत नाही. म्हणजे फक्त वाचनालाच ५ आठवडे, आणि तेही आठही जणांनी एकाच वेळी सुरू केलं तर. लेखकाला तासावर नेमलं असेल तर तो मधे रिकामा बसतो किंवा दुसरं काम घेतो. त्यामुळे विभाग एकदम सुरू करू नका, दर आठवड्याला दोन विभागांची पानं वाचायला जातील अशी साखळी लावा. दोनच फेऱ्या, तिसरी नाही, आणि ८ दिवसांत उत्तर आलं नाही तर पान मंजूर समजलं जाईल हे प्राचार्यांच्या सहीने आधीच कळवा. त्या एका परिपत्रकाने राखीव तास वाचतात.

प्रवेशाच्या दिवसांत, म्हणजे बारावीचा निकाल लागल्यापासून जुलै संपेपर्यंत, नवी साइट सुरू करू नका. त्या दिवसांत रोज सूचना निघतात आणि बदलाच्या काळात प्रत्येक सूचना जुन्या आणि नव्या दोन्ही साइटवर टाकावी लागते. ते दुहेरी काम तुमच्या ७५१ तासांत कुठेच नाही. बदलाचे १० दिवस ठरवा, त्या काळात जुन्या साइटवर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत किंवा शीटमध्ये करा, आणि नवी साइट सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तेवढेच बदल उतरवा. दिवाळीची सुट्टी यासाठी बरी.

इंग्रजीचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा. ८० पानं दोन्ही भाषांत हवी असतील तर भाषांतराबरोबरच दुसरं मुद्रितशोधन आणि दुसऱ्यांदा चढवणं येतं. तिथे प्रत्येक पानाला सव्वातीन तासांपेक्षा कमी धरू नका. सगळी ८० न करता प्रवेश, शुल्क, संपर्क आणि अभ्यासक्रम एवढीच दोन्ही भाषांत ठेवली तरी बहुतेक महाविद्यालयांचं भागतं.

---

शाईपेन

खूप उपयोगी. शेवटचे दोन प्रश्न. बैठकीआधी तीन आठवडे आहेत. तेवढ्यात १४०० पानांवर शेरे मारणं शक्य नाही. मग आकडा कशावरून सांगू? आणि कोटेशन देणाऱ्याला ती ओळ बदलायला सांगायची तर काय लिहू?

---

पानोपानी

वीस पानांची चाचणी करा. यादृच्छिक नको, प्रकारवार निवडा: बातम्या ५, विभागांची पानं ५, तक्ते असलेली ३, श्रीलिपीची ३, छायाचित्रांची २, अर्ज किंवा फॉर्म असलेली २. वर्डप्रेसची एक कोरी साइट उभी करून ही वीस पानं खरोखर शेवटपर्यंत न्या, विभागप्रमुखांच्या वाचनासकट. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावा आणि मिनिटं लिहून ठेवा. यादी मात्र पूर्ण काढा, ती यंत्र काढतं आणि दोन दिवसांत होते. पूर्ण शेऱ्यांऐवजी फोल्डरनुसार पानांची संख्या घ्या आणि चाचणीची मिनिटं त्याला लावा. बैठकीत एकच आकडा देऊ नका, खालचा आणि वरचा द्या, आणि दोघांमधला फरक कशाने पडतो तेही सांगा: किती पानं सोडायला संस्था तयार आहे आणि श्रीलिपीची किती निघतात.

चाचणीत एखादं पान अपेक्षेच्या तिप्पट वेळ खाईल. ते गाळून सरासरी काढायचा मोह होतो. गाळू नका. १४०० मध्ये तसली पानं आणखी आहेत.

कोटेशनच्या ओळीसाठी असं लिहा:

"मजकुराचे काम पानांच्या संख्येवर न मोजता सोबतच्या यादीतील प्रकारानुसार मोजले जाईल. स्क्रिप्टने स्थलांतर: एकरकमी, दोन चाचणी फेऱ्यांसह. हाताने स्थलांतर: प्रति पान दर, ज्यात तक्ते, चित्रांचा पर्यायी मजकूर, अंतर्गत दुवे आणि मोबाइलवरील तपासणी समाविष्ट. नवलेखन: प्रति पान दर, दोन फेऱ्यांपर्यंतच्या बदलांसह. पत्त्यांचा तक्ता संस्था पुरवेल, ३०१ लावणे व तपासणे पुरवठादाराकडे. प्रत्येक प्रकारातील पहिली १० पाने मंजूर झाल्यावरच पुढील काम. साइट सुरू झाल्यापासून ३० दिवस तुटलेल्या दुव्यांची दुरुस्ती विनामूल्य. दर जीएसटीसह की जीएसटीविना, ते स्पष्ट करावे."

"दोन चाचणी फेऱ्या" हे शब्द काढू देऊ नका. पहिल्या फेरीत स्क्रिप्ट कधीच पूर्ण बरोबर चालत नाही. चित्रं राहतात, तारखा आजच्या पडतात, नाही तर मसुदे प्रसिद्ध होतात. एकाच फेरीचा करार असेल तर दुसरीचं बिल वेगळं येईल.

---

वेलांटी

चाचणीतल्या श्रीलिपीच्या ३ पानांत एक पान नावांच्या यादीचं घ्या, गुणवंत विद्यार्थ्यांचं किंवा देणगीदारांचं. आणि नेण्याआधी बघा की त्यात कुणाचे मोबाइल नंबर किंवा घरचे पत्ते तर नाहीत. जुन्या याद्यांत ते सर्रास असतात. ते नव्या साइटवर जाता कामा नयेत, आणि जुन्या साइटवरूनही आजच काढून टाका.